अण्णांचा पैलवान

अण्णा बोरीकर गेले, हे मला परवा भाजीबाजारात कळलं. सांगणाऱ्यानं सहज सांगितलं, "तुमचे ते जुने कंपौंडर, माशावाले, बोरीला वारले म्हणे. पंधरा दिवस झाले." आणि तो वांगी निवडायला लागला.

मी घरी येऊन जेवायला बसलो. पानात आंब्याचं लोणचं होतं. ते मी बाजूला सारलं. चोवीस वर्षं सारतो आहे. बायकोला वाटतं, मला आंबट बाधतं. तसं मीच तिला एकदा सांगितलं होतं आणि मग ते निभावत गेलो. खोटं एकदा सांगितलं की त्याची निगा राखावी लागते. मासा पाळण्यापेक्षा ते जास्त कटकटीचं आहे. दोन्ही करून पाहिलेला माणूस म्हणून सांगतो.

अण्णांबद्दल लिहायचं तर एका बरणीपासूनच सुरुवात करावी लागेल.

मी निजामाच्या अमदानीत सेलूच्या सरकारी दवाखान्यात कारकून होतो. रोग्याचं नाव, गाव, आजार उर्दूत लिहायचा, एवढंच काम. अण्णा कंपौंडर. लढाईच्या काळात ते फौजेत दवाईचं काम करायला गेले होते. आधी ब्रह्मदेशात, मग लढाई संपल्यावर काही महिने सयामात. परत आले तेव्हा सगळं गाव बघायला गेलं. लढाईवरून आलेली माणसं घड्याळं आणत, ब्लँकेटं आणत. अण्णांनी ब्लँकेट आणलं होतं, पण ते एका बाटलीभोवती गुंडाळलेलं होतं, आणि बाटलीत मासा होता.

"एवढे समुद्र ओलांडून गेलात, आन् मासा आणलात?" काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळ्यांदेखत विचारलं. "बामणाच्या घरात?"

"खायला न्हाई आणला," अण्णा म्हणाले. "बघायला आणलाय."

"मी काय बघायला नव्हते का?"

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी हुकूम सोडला की हा प्राणी ओसरीच्या आत येणार नाही, आणि त्याच्या पाण्याला लागलेला हात धुतल्याशिवाय कुणी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. अण्णांनी मान डोलावली. दवाखान्यातली एप्सम मिठाची मोठी काचेची बरणी रिकामी झाली होती, ती त्यांनी डॉक्टरसाहेबांकडून मागून आणली आणि ओसरीच्या कोनाड्यात मांडली.

मासा मधल्या बोटाएवढा होता. आपल्या दुधनेत असे मासे मिळत नाहीत. सावलीत काळा दिसायचा. सकाळचं तिरपं ऊन बरणीवर आलं की निळा, आणि वळला की परांच्या कडेला तांबडी रेघ. शेपटीचा एक तुकडा फाटून वेडावाकडा भरून आलेला होता. सयामात या नरांच्या झुंजी लावतात. दोन नर एका भांड्यात सोडले की एक हरेपर्यंत थांबत नाहीत. हा हरलेला होता. ज्याचा होता त्यानं ओंजळीतून गटारात टाकला, तो अण्णांनी गटारातून उचलला. गावानं त्याचं नाव पैलवान ठेवलं. अण्णांना ते फारसं आवडत नसे. "हरलेल्याला पैलवान म्हणू नये, त्याला लागतं," असं म्हणत. पण पुढं तेही म्हणायला लागले.

अण्णांना मी एका जागी बसलेलं फार कमी पाहिलं. उंच, काटकुळे, डोक्याला काळी टोपी, खाली लष्करातली खाकी पँट. उभ्यानं जेवायचे. बोलताना ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, त्यामुळं त्यांच्याशी बोलणाऱ्याची मान दुखायची. रात्री झोप लागत नाही म्हणायचे. लढाईबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. शांत असायचा तो फक्त त्यांचा उजवा हात. पुड्या बांधताना तो हात वेगळ्याच माणसाचा वाटायचा. कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, भुकटी कागदावर ओतायची, सुरीच्या पात्यानं बारा ढीग करायचे, बारा घड्या घालायच्या. तराजूला हात लावायचा नाही. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, नवे आले तेव्हा त्यांना ही बेपर्वाई वाटली. त्यांनी बाराच्या बारा पुड्या उलगडून काट्यावर तोलल्या. मग एकही शब्द न बोलता पुन्हा घड्या घालायला लागले. त्यांच्या घड्या उलगडत होत्या. अण्णांनी त्या हळूच त्यांच्या हातातून काढून घेतल्या.

आणि शांत असायचे ते बरणीपुढं. सकाळी दवाखान्याआधी पाटावर बसून, गुडघ्यांवर हात ठेवून बघायचे. आमची भिंत एक, म्हणून मीही जाऊन बसायचो.

"काय बघायचं, अण्णा?"

"हालचाल बघ. रंग मागून."

हे ते रोग्यांच्या बाबतीतही म्हणायचे. "मासा आजारी पडला की आधी कोपरा धरतो. माणसाचंही तसंच हाय. रांगेत जो बोंबलतो त्याला थांबव. जो भिंतीला टेकून गप उभाय, त्याचं नाव आधी लिही." मी लिहायचो. बहुतेक वेळा अण्णा बरोबर असायचे.

माशाची निगा कशी राखायची ते त्यांना सयामातल्या एका म्हातारीनं शिकवलं होतं, आणि ते त्यात काडीचाही बदल करत नसत. बदामाची वाळून लाल झालेली पानं पाण्यात टाकायची, म्हणजे पाणी चहासारखं होतं. तसलं पाणी त्याला मानवतं. दवाखान्याच्या आवारात बदामाचं झाड होतं, अण्णा त्याची पानं गोळा करून पुस्तकात ठेवायचे. दर चौथ्या दिवशी एक तृतीयांश पाणी बदलायचं, सगळं कधीही नाही. नवं पाणी दोन दिवस मातीच्या भांड्यात मुरवायचं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी त्याला विष. हे ऐकून काकूंनी कपाळाला हात लावला होता. "तांब्यातलं पाणी देवाला चालतं आन् याला चालत न्हाई!" उन्हाळ्यात बरणीला ओलं गोणपाट, थंडीत लष्करी ब्लँकेट. दिवसातून एकदा दाढीचा आरसा समोर धरायचा. आरशात दुसरा नर दिसला की पैलवान कल्ले फुगवायचा, मानेखाली काळी दाढी उभी राहायची, फाटकी शेपटी पंख्यासारखी उघडायची. अण्णा वीस आकडे मोजून आरसा काढून घ्यायचे. "रागावलाच न्हाई तर मऊ पडतो. लय रागावला तर झिजतो. वीस पुरे."

आणि शेवटचं म्हणजे बरणी काठोकाठ भरायची नाही. वर चार बोटं रिकामी, झाकण तिरपं.

"हा मासा वर येऊन हवा घेतो, मुरलीधर. हवा न्हाई मिळाली तर पाण्यात राहून बुडून मरतो. मासा बुडाला असं तू कधी ऐकलं होतंस का?"

नव्हतं ऐकलं.

खाण्याची मात्र पंचाईत होती. पैलवानाला डासांच्या जिवंत अळ्या लागत. अण्णा त्यांना वळवळे म्हणायचे. आता कंपौंडरचं एक सरकारी काम असंही होतं की गावातल्या डबक्यांवर घासलेट टाकून याच अळ्या मारायच्या, कारण हिवतापानं लोक हैराण होते. अण्णा दुपारी घासलेटचा डबा घेऊन निघायचे, आणि त्याच्या आधी, सकाळी, पितळी चहागाळणी घेऊन आमच्या आळीत दारोदार जायचे.

"वहिनी, तुमच्या रांजणात वळवळे हायेत का?"

कोणत्या बाईला हे आवडेल? "आमच्या रांजणात? आमी काय रांजण घासत न्हाई का?" एकीनं तर सासूला बोलावलं. सासू म्हणाली, "कंपौंडरसाहेब, तुमच्या घरचं आधी बघा." अण्णा अगदी सरळ म्हणाले, "आमच्या घरचे संपले." महिनाभरात आळीतल्या सगळ्या बायकांनी लाजेपोटी रांजण दर दोन दिवसांनी उपसून घासायला सुरुवात केली. त्या वर्षी आमच्या आळीत हिवतापाचे रोगी इतके कमी झाले की माझ्या रजिस्टरात ते दिसून आलं. डॉक्टरसाहेबांनी घासलेटला श्रेय दिलं. अण्णा मात्र उपाशी पैलवानाकडं बघत बसले होते.

मग त्यांनी दवाखान्याच्या मागं बैलांच्या जुन्या दगडी डोणीत पाणी साठवलं. जिल्ह्याहून डबकी तपासणारे साहेब आले, त्यांनी डोणीत काठी घालून विचारलं, "ये क्या है?"

"पैदावार, हुजूर," अण्णा म्हणाले.

"किसकी?"

"मच्छरों की."

साहेबांना वाटलं हा माणूस थट्टा करतो आहे. ते हसले, डॉक्टरही हसले, आणि डोण वाचली. खोटं बोलणं अण्णांना येतच नसे. त्यांचं खरं ऐकून लोकच हसायचे, म्हणून ते सुटून जायचे. पुढं एकदा कुणी हसलं नाही. ते येईल.

काकूंचंही सांगायला हवं. एका दुपारी मी रजिस्टर न्यायला गेलो, तर त्या सोवळ्यातच कोनाड्यापासून चार हात लांब उभ्या राहून बोलत होत्या, "आरे, बायको न्हाई, पोर न्हाई, आन् घर कशाला बांधायलास?" पैलवान पाण्याच्या वर फेसाचे बारीक बुडबुडे चिकटवून घर करत होता. मादी नसली तरी हे नर तसं करतात. काकूंना मूलबाळ नव्हतं. मला पाहताच त्या आत गेल्या.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं तेव्हा गावात कुणालाच स्वस्थता नव्हती. रोज नवी बातमी. आज अमक्या गावात गोळी चालली, उद्या रेल्वे बंद होणार, विहिरींत कुणीतरी विष टाकतंय. कोण टाकतंय हे सांगणाऱ्याच्या धर्माप्रमाणं बदलायचं. रोज एखादं घर कुलूप लावून वऱ्हाडात निघून जायचं. पाडव्यानंतर काकूंनी हट्ट धरला. त्यांचा भाऊ वाशिमला होता. वाशिम म्हणजे निजामाच्या सरहद्दीपलीकडं. अण्णा आठ दिवस ओसरीवर चालले आणि मग रजेचा अर्ज दिला.

पैलवानाला नेणं शक्य नव्हतं. बैलगाडीत चार-पाच दिवस, वैशाखाच्या तोंडचं ऊन. निघायच्या सकाळी अण्णांनी बरणी स्वतः उचलून आमच्या घरात आणून ठेवली. सगळे नियम मला पुन्हा म्हणून दाखवायला लावले, पोरांना पाढे म्हणायला लावतात तसे. मी म्हणून दाखवले.

"जमंल ना?"

"जमंल की, अण्णा. मासाच तर हाय."

त्यांनी झाकण पुन्हा तिरपं करून बघितलं. मग म्हणाले, "हां. मासाच तर हाय."

चैत्री अमावास्येला सूर्यग्रहण होतं. सकाळचं, थोडंसंच लागणारं. आई मानवतहून आमच्याकडं आली होती, कारण बायकोला दिवस गेले होते आणि गर्भारशीला ग्रहण पाळायचं होतं. आदल्या संध्याकाळीच वेध लागले. आईनं सगळ्या पाण्यावर तुळशीपत्र ठेवलं. सकाळी ग्रहण सुटल्यावर घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. आमच्याकडं हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. आईनं बरणीकडं बोट केलं. "ते सडकं पाणी आधी काढ. घरात गर्भार बाई हाय."

आजवर मी हे आईवर ढकलत आलो. मनातल्या मनात का होईना. पण आईनं बरणीला हात लावला नव्हता. माझ्या हातांनी मी ते चहाच्या रंगाचं पाणी मोरीत ओतलं. पैलवानाला तांब्यात धरलं. बरणी राखेनं घासली. तांब्याच्या घंगाळात विहिरीचं ताजं, गार पाणी होतं, ते भरलं. ग्रहणानंतर भांडं अर्धं ठेवू नये म्हणून काठोकाठ भरलं, वर झाकण घट्ट बसवलं. नियम मला सगळे आठवत होते. एकेक मोडताना आठवत होता. पण आईशी वाद घालायचा कंटाळा आला होता, वळवळे शोधायचा कंटाळा आला होता, आणि मनात म्हणालो, मासाच तर आहे. ताज्या पाण्यानं कुणी मरतं का?

दुपारी तो तळाशी आडवा होता. कल्ले उघडे. रंग गेलेला.

मी तो बदामाच्या झाडाखाली पुरला. अण्णांना कळवलं नाही. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना फिरणारा एक कासार होता, बांगड्यांच्या पेटीतून चिठ्ठ्या न्यायचा. अण्णांची चिठ्ठी यायची, "पैलवान कसा आहे?" मी उत्तर द्यायचो, "ठीक आहे." एकदा तर "फेसाचं घर केलंय" असंही लिहिलं. बायकोला मासा मेल्याचं माहीत होतं, चिठ्ठ्यांचं नाही. ज्येष्ठात तिनं बरणीत आंब्याचं लोणचं घातलं. मी बघत होतो.

आषाढात गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. बायकोला सहावा महिना होता. तिचंही माहेर वाशिमचं. तिथं तिला पोचवायचं म्हणून मी रजा मागितली.

डॉक्टरसाहेब वाईट नव्हते. ते स्वतःच रडकुंडीला आले होते. म्हणाले, "बोरीकर को बुला लेव, फिर तुम जाव. दोनों गए तो पुडियाँ क्या मैं बांधूं?"

मी अण्णांना चिठ्ठी लिहिली की गावात पटकी आहे, तुम्ही या. उत्तर आलं, ही येऊ देत नाही, आणि मलाही आता परत येण्याची हिंमत नाही. सगळं बघून झालंय माझं. हे लढाईबद्दल होतं, ते मला कळलं. मला राग आला नाही. भीती वाटली. शेजारच्या घरातून दोन तिरड्या गेल्या होत्या.

त्या दुपारी बसून मी दुसरी चिठ्ठी लिहिली. ती मला शब्दन् शब्द पाठ आहे. "पैलवान तीन दिवस खात नाही. कोपरा धरून आहे. मी पाणी अगदी नितळ ठेवतो. पटकीमुळं सगळीकडं औषध टाकल्यानं वळवळे कुठं मिळत नाहीत. काय करावं कळत नाही. मुरलीधर."

तेव्हा त्याला मरून दोन महिने झाले होते. माणसांसाठी जो येणार नाही तो माशासाठी येईल, हे मला माहीत होतं. आणि वळवळ्यांचं वाक्य मी कशाला घातलं? पत्र खरं वाटावं म्हणून.

नवव्या दिवशी, भर दुपारी, अण्णा दारात उभे राहिले. चिखलानं भरलेले. उजवा हात उपरण्यात गुंडाळून गळ्यात अडकवलेला, आणि डाव्या हातात बाटली. अर्धी भरलेली. तिच्यात वळवळे वर-खाली होत होते.

"कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "काल गेला, अण्णा."

ते उंबऱ्यातच बसले. बाटली नीट सरळ ठेवली, सांडू नये अशी. मग हाताचं विचारलं, तर जे सांगितलं ते इतकंच.

"नदी ओलांडली तिथं नाक्यावर अडवलं. बाटलीत काय म्हणाले. डासाच्या अळ्या म्हणालो. कशाला म्हणाले. माशाला म्हणालो. कुठाय मासा म्हणाले. सेलूला म्हणालो. वाशिमहून सेलूला माशाला अळ्या न्यायलास? म्हणाले. हो म्हणालो. तर म्हणाले, हा इहिरीत पटकी टाकायला निघालाय."

"मग?"

"पी म्हणाले."

"अण्णा!"

"प्यालो. अर्धी. विष न्हाई म्हणून दाखवलं. अर्धी ठेवली." त्यांनी गळ्यातलं उपरणं सारखं केलं. "तरी हातावर दिलाच एकानं. बंदुकीचा दस्ता. लिहायचा हात कोणता ते विचारून दिला."

नाक्यावरची माणसं कोणत्या बाजूची होती, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "घाबरलेली होती." पुढंही कधी सांगितलं नाही.

मग त्यांनी बरणी मागितली. मी आत गेलो. बायको परसात होती. मी लोणचं पातेल्यात उपसलं, बरणी राखेनं, चिंचेनं घासली, तीनदा धुतली, आणि आणून दिली. अण्णांनी ती डाव्या हातानं छातीशी धरली आणि आत नाक घातलं. दवाखान्यातल्या चाळीस बाटल्या हा माणूस बुचाच्या वासावरून ओळखायचा.

"मोहरी जरा लय झाली," ते म्हणाले.

रस्त्यावरून कुणीतरी गुरं हाकत गेलं. मग त्यांनी बाटली माझ्याकडं सरकवली. "हे रस्त्यावर ओतू नको. डास होतील. वाटीत ओत आन् घासलेट टाक."

मी वाटीत ओतलं. घासलेट टाकलं. अळ्या वर येत होत्या, हवा मिळत नव्हती, खाली जात होत्या. आम्ही दोघं बघत होतो.

"कवा निघायचं तुमी?" अण्णांनी विचारलं.

"उद्या," मी म्हणालो. मी हे त्यांना अजून सांगितलेलंच नव्हतं.

बायकोला मी नीट पोचवलं. वाटेत कुणी अडवलं नाही. वाशिमला काकू भेटायला आल्या. "पोचले का ते?"

"पोचले."

"आन् तो? खायला लागला का?"

मी म्हणालो, "लागला."

काकूंनी पदरानं चेहरा पुसला. "माझ्याच रांजणातले दिले बघ. मुद्दाम साठू दिले होते. सोवळ्याच्या पंच्यानं गाळून दिले."

पोलीस ॲक्शन झाल्यावर मी परत आलो. पटकीत डॉक्टरसाहेब आणि अण्णांनी दवाखाना कसा चालवला हे गावानं मला सांगितलं. मी तिथं नव्हतो. अण्णांची तीन बोटं वाकडी सांधली गेली होती. डाव्या हातानं पुड्या बांधायचे. काटा वापरायचे. तरी कमी-जास्त व्हायच्या आणि ते पुन्हा पुन्हा तोलत बसायचे. तो एकच शांत हात होता, तोही चाळा करायला लागला. मी सहा महिन्यांत परभणीला बदली करून घेतली.

शेवटचं भेटलो त्याला दोन वर्षं होतील. जिंतूरला कामाला गेलो होतो, येताना बोरीला उतरलो. ठरवून गेलो होतो. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. अण्णा ओट्यावर होते, म्हणजे ओट्यावर चालत होते, काठी घेऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला बसवलं. गुडघा दुखतो म्हटल्यावर आतून कसलीशी भुकटी आणून पुड्या बांधायला लागले.

"लेक केवढी झाली?"

"बाविसावं लागलं. लग्न झालं औंदा."

"चांगलं झालं."

मग मी सुरुवात केली. "अण्णा, त्या वर्षी मासा आदल्या दिवशी गेला नव्हता—"

"नितळ पाणी," अण्णा म्हणाले. ते कागदाची घडी घालत होते. वाकड्या बोटांत कागद ठरत नव्हता. "तू चिठ्ठीत लिहिलं होतंस, पाणी नितळ ठेवतो. नितळ पाण्यात तो राहिलाच नसता. आन् तुझं अक्षर. इतक्या वर्षांचं तुझं अक्षर मला ठाऊक नव्हतं का? ते भिंतीला टेकून उभं होतं."

मी एवढंच विचारलं, "कळलं होतं, तर बाटली कशाला आणलीत?"

त्यांनी मान वर केली. या प्रश्नाचं त्यांना खरोखर नवल वाटलं.

"खात्री कुठं होती? शंका होती. शंकेवर मासा उपाशी ठेवायचा का?"

गाडीचा भोंगा वाजला. त्यांनी सहा पुड्या माझ्या हातात दिल्या. दोन फुगीर होत्या, एक अगदी चपटी. "सकाळ-संध्याकाळ, कोमट पाण्यासंगं," म्हणाले, आणि मी वळलो तेव्हा ते पुन्हा चालायला लागले होते.

त्या पुड्या माझ्या कपाटात आहेत. गुडघा तसाच आहे. आमच्याकडं सोनाराचा काटा आहे, पण मी त्या तोललेल्या नाहीत.